लालबागच्या वाट्याचे आकाश

भाद्रपदातील दहा-अकरा दिवस लालबाग ही एक अफाट रंगभूमी होते. दोन चाळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत किल्ले उभे राहतात, राजवाडे उभे राहतात, हिमालयाची शिखरे अवतरतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि त्यानंतर अवघ्या सत्तावीस दिवसांनी गणेशचतुर्थी आली. त्या वर्षी मुंबईतील अनेक मंडपांत आणि घरोघरच्या मखरांत चंद्राची खडबडीत भूमी आणि तीवर टेकलेले यान दिसू लागले. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून जे साधले ते कारागिरांनी पुठ्ठा, लाकूड आणि रंग यांच्या साहाय्याने महिन्याच्या आत गल्लीत आणले. या उत्साहाला कोणी बाळबोध म्हणेल. परंतु ज्या वस्तीला चंद्रावरचा देखावा इतक्या सहजतेने रचता येतो, त्या वस्तीच्या कल्पनाशक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती वेगळीच. चंद्राचा देखावा रचणाऱ्या या लालबागला, वीस वर्षांनंतरचे लालबाग कसे असावे याचा देखावा रचण्याची संधी कोणी कधी दिली काय?

भविष्यातील नगर हा विषय सामान्यतः करमणुकीचा मानला जातो. उडत्या मोटारी, ढगांत शिरलेले मनोरे, घरकाम करणारे यंत्रमानव आणि अंतराळात झेपावणारे शूर वैमानिक हे त्याचे ठराविक साहित्य. मुलांनी वाचावे आणि मोठे झाल्यावर विसरावे, अशी त्याची वासलात लावली जाते. वस्तुतः ज्यांच्या हाती जमीन, पैसा आणि सत्ता असते ते हा विषय कधीच विसरत नाहीत. त्यांचे भविष्य नकाशावर उतरते आणि इतरांचे निबंधाच्या वहीत राहते. गिरणगावाच्या गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इतिहासाचे सार या एका वाक्यात सांगता येईल.

तारांगण आणि विमान

लालबागहून वरळी फार दूर नाही. वरळीला ३ मार्च १९७७ रोजी नेहरू तारांगण सुरू झाले. जवळच नेहरू विज्ञान केंद्राचे मोकळ्यावरचे विज्ञान उद्यान १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, उभे राहिले आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी केंद्राची मुख्य इमारत लोकांसाठी खुली झाली. या दोन घटनांच्या मध्ये गिरणगावाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी उलथापालथ घडून गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो नुसता विरून गेला. ३ एप्रिल १९८४ रोजी लढाऊ वैमानिक राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात गेले आणि पंतप्रधानांशी त्यांचे झालेले बोलणे साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिले, तेव्हा या भागातील कितीतरी घरांत पगार येणे थांबून दोन वर्षे उलटली होती. देश आकाशात चढत होता त्याच सुमारास भोंगा मुका झाला होता. दोन्ही गोष्टी एकाच पिढीने, एकाच खोलीत अनुभवल्या.

विज्ञान केंद्राच्या आवारात आगगाडीचे जुने इंजिन आणि ट्रामचा डबा यांच्या सोबतीने एक लढाऊ विमान उभे आहे. शाळांच्या सहली त्यापुढे क्षणभर थांबतात, मुले पंखाखालून वाकून पाहतात आणि पुढे जातात. त्या विमानाचे नाव ‘एच. एफ. २४ मारुत’. भारतात आरेखित होऊन भारतात बांधलेले हे पहिले जेट लढाऊ विमान. प्रसिद्ध जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगलोरला ते घडले आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम आकाशात नेले. त्याची बांधणी ध्वनीहून अधिक वेग सोसण्याजोगी होती. परंतु त्या सांगाड्याला साजेसे इंजिन मात्र देशाला अखेरपर्यंत मिळाले नाही. जे ब्रिटिश इंजिन त्यात बसविण्यात आले ते कमी शक्तीचे होते; ते अधिक शक्तिमान करण्याच्या प्रयत्नांत, जानेवारी १९७० मध्ये चाचणी घेत असताना, सुरंजन दास यांनाच प्राण गमवावे लागले. एकूण १४७ मारुत विमाने बांधली गेली. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर त्यांनी चांगली कामगिरी बजावली. पण ज्या वेगासाठी ते विमान जन्माला आले होते तो वेग त्याला कधी गाठता आला नाही.

उत्तम सांगाडा आणि अपुरे इंजिन ही कथा केवळ एका विमानाची नाही. तिचा दुसरा प्रयोग त्याच परिसरात, जमिनीवर झाला.

आराखडा होता, बळ नव्हते

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून एक धाडसी कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे ताणत नेण्याऐवजी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे आणि दक्षिण मुंबईवरचा भार हलका करावा, ही ती कल्पना. पाच वर्षांच्या आत, मार्च १९७० मध्ये, ‘सिडको’ची स्थापना झाली आणि नवी मुंबई कागदावरून जमिनीवर उतरू लागली. कल्पनेप्रमाणे सारे घडले असे नाही. तरीही तीन नागरिकांनी रेखाटलेले नगर शासनाने उचलून धरावे, ही मराठी मुलखातील भविष्यचिंतनाची एक लक्षणीय घटना होय.

त्याच कोरियांच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये राज्य शासनाने गिरण्यांच्या जमिनींविषयी अभ्यासगट नेमला. मुंबईतील ५८ गिरण्यांच्या ताब्यात मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती. इतक्या दाट वस्तीच्या शहरात, रेल्वेच्या दोन्ही मार्गांलगत, इतकी जमीन एकाच वेळी मोकळी होणे हा योग कोणत्याही महानगराच्या नशिबी शतकातून एकदाच येतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे सांगितले होते: एक वाटा बगीचे आणि मैदानांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी ‘म्हाडा’ला आणि एक मालकांना. कोरियांच्या अभ्यासगटाने त्यापुढे जाऊन सांगितले की प्रत्येक गिरणीचा तुकडा स्वतंत्रपणे न पाहता साऱ्या जमिनींचा एकत्रित विचार करावा, मोकळ्या जागा एकमेकींना जोडाव्यात आणि परळ व एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांच्या परिसरात पायी चालणाऱ्यांसाठी प्रशस्त चौक काढावा.

हा सांगाडा उत्तम होता. इंजिन मिळाले नाही. २००१ मध्ये नियमात असा बदल झाला की वाटणी व्हावयाची ती फक्त गिरणीच्या आवारातील मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीची; ज्यावर बांधकाम उभे आहे ती जमीन वाटणीतून वगळली गेली. गिरणीचे आवार हे शेड, गोदामे आणि खाती यांनीच भरलेले असते, हे लालबागमधील शाळकरी पोरालाही ठाऊक होते. त्यामुळे सार्वजनिक वाटा फारच आकसला. पर्यावरणवाद्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. त्यानंतर जे उभे राहिले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर देशातील अत्युच्च निवासी इमारतींपैकी एक उभी आहे. विज्ञानकथांतील मनोरे आले; फक्त ते कोणासाठी यावेत हे आधीच कोणीतरी ठरवून टाकले होते.

फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाने १९२७ मध्ये ‘मेट्रोपोलिस’ नावाचा मूकपट काढला. त्यातील भावी नगरात वरच्या मजल्यांवर मालक आणि त्यांची मुले बागांत विहार करतात, आणि ज्यांच्या श्रमांवर ते नगर चालते ते कामगार जमिनीखाली राहतात. जगातील भविष्यनगरांच्या चित्रणावर या चित्रपटाची छाया आजही आहे. लांगला जी कल्पना करण्यासाठी प्रचंड नेपथ्य उभारावे लागले, ती पाहण्यासाठी गिरणगावात करी रोडच्या पुलावर उभे राहिले तरी पुरते.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, अचानक आलेल्या पावसात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मृत्युमुखी पडली. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, कार्यालयांबरोबर लाखो नोकरदार आले. पण त्यांनी ज्या जिन्याने उतरावयाचे तो जिना गिरण्यांच्या काळचाच राहिला. स्थानकाजवळ पादचाऱ्यांसाठी मोकळी जागा हवी, हे एकवीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. भविष्याचा विचार हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या सकाळचे स्मरण ठेवावे. त्या पुलावरून जाणारी माणसे कारकून होती, विक्रेते होते, सणासाठी फुले नेणारी होती. चुकलेल्या कल्पनेची किंमत कल्पना करणाऱ्याने नव्हे, तर पायी चालणाऱ्याने मोजली.

मराठी विज्ञानकथेचे शहर

कल्पनाशक्तीचे हे काम मराठी भाषेला जमणारे नाही, असे म्हणण्यास मुळीच आधार नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हेर्न मराठी मुलांच्या हाती दिला तेव्हा चंद्रप्रवास हा मराठीत घरचा विषय झाला. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून नाव घेतले होते. पुढल्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले तेव्हा त्यांच्या कथा वाचून विज्ञानाकडे वळलेली एक अख्खी पिढी प्रौढ झालेली होती.

नारळीकरांच्या कथांत मुंबई अनेकदा येते आणि ती नेहमीची मुंबई नसते. ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईकर सकाळी उठतात तो बाहेर बर्फ पडलेले असते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पुण्याचे एक इतिहासाचे प्राध्यापक अशा मुंबईत जाऊन पोहोचतात, जेथे पानिपतावर मराठे हरलेलेच नाहीत. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात त्यांना चाटून निघून गेली आणि तेवढ्या अंतराने हिंदुस्थानचा इतिहास बदलला; मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनी अजूनही ठाण मांडून आहे. या कथेतील भौतिकशास्त्र बाजूला ठेवले तरी तिचा एक नागरी अर्थ उरतो. समोर दिसणारे शहर हे विधिलिखित नव्हे. एखादी गोळी चार बोटे इकडे, एखाद्या नियमातील शब्द दोन ओळी तिकडे, आणि शहर निराळे झाले असते. २००१ चा तो नियम बदललाच नसता तर आज लालबागमधून निघालेले मूल एका मैदानातून दुसऱ्या मैदानात खेळत परळपर्यंत गेले असते काय? ही कल्पना कोणत्याही कृष्णविवराहून अधिक दूरची नाही.

गिरणगावाने मराठी साहित्याला पुष्कळ दिले आहे. अण्णाभाऊ साठे, नारायण सुर्वे, बाबूराव बागूल आणि अलीकडे ‘अधांतर’ नाटकाचे लेखक जयंत पवार यांनी या वस्तीचे वर्तमान आणि तिची पडझड शब्दबद्ध केली. त्या साहित्यात काल आणि आज भरपूर आहे. उद्या त्या मानाने थोडा आहे. विज्ञानकथेची नजर आकाशाकडे आणि कामगार साहित्याची नजर ओसाड खात्यांकडे, अशी ही विभागणी झाली. या दोन नजरा एकत्र येण्याची आवश्यकता आहे.

अंतराळाचे स्वप्न आणि कामगाराचे हात या गोष्टी मुळात वेगळ्या नाहीतच. ‘चांद्रयान-३’ ज्या अग्निबाणावर गेले त्याची इंजिने घडविण्यात विक्रोळीच्या कारखान्याचा हात होता. वालचंदनगरच्या कारखान्यात अनेक दशके अग्निबाणांची जाड पोलादी आवरणे तयार होत आली आहेत. तेथे जोडारी, कातारी आणि वेल्डर यांनी सुताइतकाही फरक पडू न देता जे केले त्यावर यान उभे राहिले. साच्यावरील तुटलेला धागा नुसत्या बोटांच्या स्पर्शाने ओळखणाऱ्या माणसांच्या वस्तीला हे कौशल्य परके कसे असेल? गिरण्या गेल्या तेव्हा यंत्रे भंगारात गेली हे सर्वांनी पाहिले. त्यांच्याबरोबर हे कसबही भंगारात गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

जुना नकाशा

लढाऊ वैमानिकांच्या इतिहासात एका मराठी नावाची कथा येथे आठवते. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानात पाडले गेले आणि युद्धकैदी झाले. १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांसह, रावळपिंडीच्या तुरुंगाची भिंत फोडून निसटले. अफगाण सीमेच्या अगदी जवळ ते पोहोचले होते. लंडी खाना या रेल्वे स्थानकाकडे जाण्याचा रस्ता त्यांनी विचारला, आणि तेथेच घात झाला. कारण ते स्थानक इंग्रजांनी १९३२ मध्येच बंद केले होते. धैर्य अपार होते, योजना उत्तम होती. नकाशा मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा होता.

गिरणगावाच्या भवितव्याची चर्चा करणारे दोन्ही पक्ष असेच जुने नकाशे घेऊन निघालेले दिसतात. एका नकाशात अजून धुराडी आहेत, भोंगे आहेत आणि सारा समाज एका सुरात चालतो आहे. त्या नकाशावर प्रेम करावे, पण त्याने रस्ता सापडणार नाही. दुसऱ्या नकाशात गिरणगाव ही केवळ रिकामी होण्याची वाट पाहणारी जमीन आहे आणि कामगार हा कोठेतरी दूर हलविण्याचा आकडा आहे. जून २०१२ मध्ये गिरण्यांच्या जागेवरील ६,९२५ घरांची सोडत निघाली तेव्हा घरासाठी अर्ज केलेल्या कामगार व वारसांची संख्या लाखाच्या वर होती. २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी ही, कर्जतच्या वाटेवरची, नावे पुढे आली आणि २०२५ च्या जुलैत कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. त्यांचे म्हणणे साधे होते: घर मुंबईतच हवे. या मागणीतील व्यवहार्यता कोणी तपासावी. परंतु ज्यांनी शहर उभे केले त्यांनी त्याच्या उद्याच्या चित्रात कोठे उभे राहावे, हा त्यातील प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

जागेचा नवस

लालबागच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. १९३२ मध्ये पेरू चाळ येथील बाजार बंद पडला तेव्हा उघड्यावर बसणाऱ्या कोळणींनी आणि लहान व्यापाऱ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली, बाजार झाला, आणि १९३४ मध्ये त्यांनी गणपती बसविला. त्यालाच आज ‘लालबागचा राजा’ म्हणतात. ज्या दर्शनासाठी आज लाखोंची रांग लागते त्याच्या मुळाशी नगररचनेची एक मागणी होती: आमच्या धंद्याला शहरात हक्काची जागा द्या. देवापुढे मांडलेला तो, वास्तविक, एक विकास आराखडाच होता.

नवसाच्या जोडीला आता आराखडा वाचण्याची विद्या हवी. ती साध्य होते याचेही उदाहरण आहे. २०१४ ते २०३४ या कालखंडासाठी मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला, तेव्हा नागरिकांनी तो गल्लीगल्लीने तपासला, हजारो हरकती नोंदविल्या आणि एप्रिलमध्ये तो मागे घेऊन दुरुस्त करणे शासनाला भाग पडले. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. नकाशा हा काही आकाशातून पडत नाही, तो बदलता येतो, हे यातून सिद्ध झाले. मात्र असा नकाशा सोप्या मराठीत, शाळेच्या फळ्यावर समजावून देता येईल अशा रूपात लोकांपुढे यावयास हवा.

शाळांतून ‘मी वैमानिक झालो तर’ किंवा ‘मी अंतराळवीर झालो तर’ असे निबंध पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जातात. ते अवश्य लिहावेत. २५ जून २०२५ रोजी हवाई दलाचे वैमानिक शुभांशु शुक्ल आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले तेव्हा अशा निबंधांना नवे कारण मिळाले. पण त्या निबंधाशेजारी आणखी एक विषय असावा: ‘माझी गल्ली, वीस वर्षांनंतर’. विद्यार्थ्यांनी स्थानकाचा जिना पावलांनी मोजावा. के. ई. एम. आणि टाटा रुग्णालयांच्या बाहेर पदपथावर रात्र काढणाऱ्या रुग्णांच्या नातलगांसाठी कोठे निवारा काढता येईल ते शोधावे. चाळीच्या पुनर्बांधणीत उजेड कोठून येईल, म्हातारा माणूस कोठे बसेल, मूल कोठे खेळेल, हे कागदावर काढावे. आणि ज्या कारागिरांनी मंडपात चंद्र उतरविला त्यांनी एका वर्षी चंद्राच्या शेजारी लालबागचेच एक प्रारूप मांडावे, खऱ्या मापाचे आणि खऱ्या हिशेबाचे. दर्शनाच्या रांगेतील माणसाला ते पाहण्यास वेळ भरपूर असतो.

वरळीच्या आवारातील ‘मारुत’ जमिनीला खिळून उभे आहे. मुले त्याच्याभोवती फिरतात आणि ते पुन्हा का उडत नाही असे विचारतात. शिक्षकांनी त्यांना खरे उत्तर द्यावे: विमान चांगले होते, उडविणारेही शूर होते, इंजिनाची सोय वेळेवर झाली नाही. आणि परतताना, बस लालबागच्या दिशेने वळली की, खिडकीतून दिसणाऱ्या मनोऱ्यांकडे बोट दाखवून पुढचा धडा तेथेच सुरू करावा.